नव्या गाडीच्या इंजिन ऑइलमध्ये ॲडिटिव्ह टाकायचं का? खान्देशातल्या नव्या गाडीमालकांसाठी

आखाजीच्या मुहूर्तावर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शोरूममधून हार घातलेल्या, बोनेटवर स्वस्तिक काढलेल्या गाड्या बाहेर पडतात. मग आठवड्याभरात गाडीमालकाला तीन ठिकाणांहून एकच सल्ला मिळतो. ॲक्सेसरीजच्या काउंटरवरून, गल्लीतल्या एखाद्या जाणत्या माणसाकडून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओतून: "इंजिनात एक बाटली ॲडिटिव्ह टाकून घ्या, इंजिनाला आयुष्यभर बघायला नको." ॲडिटिव्ह म्हणजे ऑइलचे गुण वाढवायला त्यात मिसळायचं रसायन. घरातली पहिलीच चारचाकी असेल, आजवर मोटारसायकलवरच सगळं भागलं असेल, तर माणूस गोंधळतो. गाडीत आठ-दहा लाख घातले, आणखी काही शे रुपयांनी काय बिघडतं, असंही वाटतं.

बिघडू शकतं, म्हणून हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. वॉरंटीतल्या नव्या इंजिनात, कंपनीने लेखी सांगितलेलं नसेल तर, ऑइलमध्ये वरून काहीही ओतू नका. का नाही, त्याऐवजी काय करायचं आणि ॲडिटिव्हची वेळ खरंच कधी येते, ते आता क्रमाने पाहू.

ऑइलमध्ये ॲडिटिव्ह असतंच

इंजिन ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे. कॅनमधल्या ऑइलचा साधारण 10 ते 20 टक्के भाग ॲडिटिव्हचाच असतो, बाकीचं बेस ऑइल. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचं डिटर्जंट पिस्टनवर साचणारी घाण धुतं आणि इंधन जळताना तयार होणारं आम्ल निष्प्रभ करतं. डिस्पर्संट काजळीच्या कणांचा गाळ होऊ देत नाही, ते कण ऑइलमध्येच तरंगते ठेवतं. झेडडीडीपी हे झिंक आणि फॉस्फरसचं संयुग, धातू धातूला घासतो तिथे ते पातळ संरक्षक थर धरतं. शिवाय फेस होऊ नये म्हणून सिलिकॉनचा किंचित अंश, ऑइल लवकर जळून घट्ट होऊ नये म्हणून अँटिऑक्सिडंट, तापल्यावर फार पातळ पडू नये म्हणून पॉलिमर, आणि काही ऑइलमध्ये घर्षण कमी करायला मॉलिब्डेनम.

आता काउंटरवरच्या बाटलीचं लेबल वाचा. घर्षण कमी होतं, घाण साफ होते, झीज थांबते. यातलं बहुतेक काम करणारं रसायन तुमच्या ऑइलमध्ये आधीच आहे, आणि तेही मोजून-मापून, इंजिन बेंचवर चाचण्या घेऊन घातलेलं. म्हणजे बाटली ओतून तुम्ही नवीन काही देत नाही, बसवलेलं प्रमाण मोडता. कपाशीवर फवारणी करणाऱ्याला हे जास्त समजावायला नको: दोन औषधं आपापल्या जागी कितीही चांगली असली, तरी एका पंपात एकत्र केली की कधी द्रावण फाटतं, कधी पानं करपतात.

प्रमाण मोडलं तर काय होतं, याची दोन उदाहरणं देतो, कारण आजच्या गाड्यांना ती थेट लागू पडतात.

पहिलं फॉस्फरसचं. झीज रोखायला फॉस्फरस चांगला, पण ऑइलचा जो थोडा अंश जळतो त्याबरोबर तो सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो आणि तिथला उत्प्रेरक हळूहळू निकामी करतो. म्हणून आयएलसॅक जीएफ-6 मानकाच्या ऑइलमध्ये फॉस्फरस 0.06 ते 0.08 टक्के याच मर्यादेत ठेवावा लागतो. कमीही नाही, जास्तही नाही. एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 गाड्या आल्या, त्यांच्या धूर नियंत्रणाच्या यंत्रणा आणखी नाजूक आहेत. "झिंक जास्त, म्हणून जास्त भारी" अशा जाहिरातीची बाटली इंजिनाला एका वेळी फारसं काही करणार नाही कदाचित, पण कन्व्हर्टरचा खर्च ऐकाल तेव्हा डोळे फिरतील.

दुसरं कॅल्शियमचं. हल्ली छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांची चलती आहे. कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, एकदम ॲक्सिलरेटर दाबला की या इंजिनांत स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होऊ शकतो. त्याचा दणका पिस्टनला तडा घालण्याइतका मोठा असतो. ऑइलमधलं कॅल्शियम डिटर्जंट जास्त झालं की हा धोका वाढतो, हे संशोधनातून पुढे आलं, आणि म्हणूनच 2020 मध्ये आलेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या दर्जात यासाठी वेगळी चाचणी आहे. ऑइल बनवणाऱ्यांनी कॅल्शियम घटवून मॅग्नेशियम घातलं. आणि आपण वरून भरपूर कॅल्शियमची बाटली ओतायची?

पहिली पायरी: मॅन्युअलची पानं काढा

डिलिव्हरीच्या दिवशी किल्ली, पेढे, फोटो या गडबडीत मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये जातं आणि गाडी विकेपर्यंत तिथेच राहतं. त्याच संध्याकाळी ते बाहेर काढा. सगळं वाचायची गरज नाही. शेवटाकडे ऑइल आणि इतर द्रवांचा तक्ता असतो. त्यातून चार गोष्टी मोबाइलमध्ये लिहून ठेवा: ऑइलचा ग्रेड, म्हणजे ते किती घट्ट-पातळ आहे ते सांगणारा 0डब्ल्यू-16, 0डब्ल्यू-20, 5डब्ल्यू-30 वगैरे आकडा; दर्जा, म्हणजे एपीआय, आयएलसॅक किंवा एसीईए यांपैकी कोणतं मानक मागितलं आहे ते; फिल्टरसह ऑइल किती लिटर लागतं; आणि किती किलोमीटर किंवा किती महिन्यांनी बदलायचं.

मग ॲडिटिव्हबद्दल काही लिहिलंय का ते शोधा. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ऑइलमध्ये वेगळं ॲडिटिव्ह घालू नये असं स्पष्ट वाक्य असतं. वॉरंटीच्या पुस्तिकेतही पाहा. शिफारस नसलेल्या ऑइलमुळे किंवा द्रवामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही, असं कलम तिथे सापडतं. ज्याने बाटली विकली तो त्या दिवशी तुमच्या बाजूने बोलायला येणार नाही.

दुसरी पायरी: पहिले हजार-दीड हजार किलोमीटर

नव्या इंजिनाच्या सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तिच्यावर मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. या रेघांत ऑइल धरून राहतं, आणि पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासून तिच्याशी जुळून बसतात. आपल्याकडे "गाडी खुलली" म्हणतात ना, त्यात मोठा वाटा याचाच. रिंगा नीट बसल्या नाहीत तर वायू खाली गळतो, ऑइल वर येऊन जळतं आणि ते दुखणं कायमचं राहतं.

म्हणजे या काळात थोडंसं घासणं इंजिनाला हवंच आहे. घर्षण एकदम कमी करणारी ट्रीटमेंट टाकायची सगळ्यात चुकीची वेळ हीच, आणि नेमकी याच वेळी ती सगळ्यात जास्त विकली जाते.

त्याऐवजी गाडी कशी चालवता त्याकडे लक्ष द्या. बहुतेक मॅन्युअल पहिले 1000 ते 1500 किलोमीटर सांभाळायला सांगतात. एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नका. धुळ्याहून नागपूरकडे नवा चौपदरी रस्ता मोकळा मिळाला म्हणून 100 वर काटा लावून बसू नका, वेग कमी-जास्त करत राहा. उंच गिअरमध्ये इंजिन घरघरेपर्यंत ओढू नका, ॲक्सिलरेटर तळाला दाबू नका. नवी गाडी पूजेला मनुदेवीला किंवा पद्मालयाला नेणं ठीक, पण सात माणसं आणि टपावर सामान घेऊन पहिल्याच आठवड्यात कन्नड घाट किंवा तोरणमाळ चढवू नका. सप्तशृंगी गडाचं दर्शन महिन्याभराने घेतलं तरी आई रागावणार नाही.

घरातली जुनी मंडळी म्हणतील, आमच्या वेळी 500 किलोमीटरला ऑइल बदलायचो. ते बरोबरच करायचे. त्या काळच्या इंजिनांत घडणीतला धातूचा चुरा जास्त निघायचा. आता यंत्रावरची घडण आणि फिल्टर, दोन्ही सुधारले आहेत. उलट काही कंपन्या कारखान्यात भरलेलं पहिलं ऑइल वेळेआधी बदलू नका असं सांगतात, कारण त्यात इंजिन जोडताना लावलेल्या वंगणाचा अंशही काम करत असतो. त्यामुळे तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो पाळा. आबांचा मान ठेवा, आकडा मात्र पुस्तकातला धरा.

तिसरी पायरी: डिपस्टिक स्वतः पाहायला शिका

सगळ्या बाटल्यांपेक्षा इंजिनाला जास्त वाचवणारी ही सवय आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. दर पंधरा दिवसांनी, आणि लांबच्या प्रवासाआधी नक्की.

गाडी सपाट जागेवर लावा. अंगणाला उतार असेल तर रस्त्यावर घ्या. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. बोनेट उघडा, पिवळी किंवा नारिंगी कडी दिसेल, ती ओढून डिपस्टिक बाहेर काढा. स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. पूर्ण आत घाला, पुन्हा काढा, आडवी धरून दोन्ही बाजू पाहा. खालची खूण कमीत कमी, वरची जास्तीत जास्त. ऑइल या दोन्हींच्या मध्ये, वरच्या खुणेकडे झुकलेलं असावं.

आता इथे बाटलीचा हिशेब करा. छोट्या पेट्रोल गाडीत तीन-साडेतीन लिटर ऑइल बसतं. पातळी आधीच वरच्या खुणेला आहे आणि त्यात कोणी 300 मिलीची बाटली ओतली. एक तर तुमचं मोजून बनवलेलं ऑइल आठ-नऊ टक्क्यांनी बदललं. दुसरं म्हणजे पातळी खुणेच्या वर गेली. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो, म्हणजे त्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकं ऑइल जास्त. ते जास्त झालेलं ऑइल फिरत्या क्रँकला लागून घुसळलं जातं, फेस होतो, आणि पंपाने फेस ओढला की बेअरिंगला दाब कमी मिळतो. झीज थांबवायला टाकलेली वस्तू झिजेलाच वाट करून देते.

ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेल गाडीत तर ते काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं. डिस्पर्संट आपलं काम करतंय, एवढाच त्याचा अर्थ. घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. बीएस-6 डिझेल गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल, बाजार, शाळा, पुन्हा घर, तर धुराच्या फिल्टरची सफाई अर्धवट राहते आणि जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर सर्व्हिस सेंटरला फोन करा. त्यावरही इलाज ऑइल बदलणं आणि गाडी अधूनमधून हायवेवर मोकळी पळवणं हाच आहे.

पातळी कमी असेल तर त्याच ग्रेडचं, त्याच दर्जाचं ऑइल 200 मिली घाला, थांबा, पुन्हा पाहा. डिकीत एक लिटरचा सीलबंद कॅन ठेवा. मोटारसायकलचं ऑइल घरात पडलेलं असतं, ते गाडीत ओतू नका आणि गाडीचं मोटारसायकलमध्ये तर मुळीच नको. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. घर्षण कमी करणारं गाडीचं ऑइल तिथे गेलं की क्लच घसरायला लागतो. तिच्या कॅनवर जासो एमए किंवा एमए2 हे जपानी मानक लिहिलेलं असतं, ते यासाठीच.

चौथी पायरी: सर्व्हिसच्या दिवशी एस्टिमेट वाचा

पहिल्या सर्व्हिसला बहुतेक वेळा फक्त तपासणी असते. खरी परीक्षा पहिल्यांदा ऑइल बदलताना. सल्लागार नम्र असतो, घाईत असतो, आणि एस्टिमेटवर शेड्यूलमधल्या कामांच्या खाली दोन-तीन ओळी वाढलेल्या असतात: इंजिन ट्रीटमेंट, इंजिन फ्लश, कोटिंग.

"साहेब, हे टाकून देऊ ना? सगळेच घेतात."

"दादा, मॅन्युअलमध्ये हे कुठल्या पानावर आहे तेवढं दाखवा, मग टाका."

बहुतेकदा बोलणं तिथेच थांबतं. भांडायची गरज नाही, त्या माणसालाही विक्रीचा आकडा गाठायचा असतो. पण जॉब कार्डवर सही करण्याआधी त्याच्यावर लिहून घ्या: फक्त शेड्यूलमधलं काम, जादा काही असेल तर आधी फोन. मग बिल आल्यावर ओळ न ओळ ताडून पाहा.

फ्लशबद्दल खास सांगतो. फ्लश म्हणजे जुन्या ऑइलमध्ये घालून इंजिन काही मिनिटं चालवायचं पातळ द्रावण, साचलेला गाळ सैल करण्यासाठी. वेळेवर ऑइल बदललेल्या नव्या इंजिनात गाळच नसतो. मग द्रावणाने धुवायचं काय? वर ते पूर्ण निथळत नाही, थोडं आतल्या वाटांमध्ये राहतं आणि नव्या कोऱ्या ऑइलमध्ये मिसळतं. 10 हजार किलोमीटरच्या गाडीला फ्लश लावणं म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणं आहे, आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण फसतो तो पहिल्यांदा गाडी घेणाराच.

जादा सामानाची गोष्ट निघाली आहे तर प्रदर्शनातल्या त्या यंत्राबद्दलही बोलू. कृषी प्रदर्शनात, जत्रेत, पेट्रोल पंपाबाहेर ते दिसतं. मोटरवर फिरणारी एक लोखंडी रिंग, तिच्यावर दांड्याने दाबलेला छोटा रोलर, खाली वाटीत ऑइल. दांड्यावर वजन वाढवत नेलं की साध्या ऑइलमध्ये रिंग किंचाळते आणि अडकते. मग त्याच वाटीत बाटलीतले चार थेंब पडतात आणि दुप्पट वजनालाही रिंग फिरत राहते. समोरची गर्दी खिशात हात घालते.

यंत्र खोटं नाही. पण ते दाखवतं एक आणि विकतं दुसरं. त्या यंत्रात धातू धातूवर थेट दाबला जातो. चालत्या इंजिनाच्या मुख्य बेअरिंगमध्ये शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, धातू धातूला टेकतच नाही. त्या चाचणीत क्लोरीन असलेली संयुगं फार चमकतात. तीच संयुगं गरम इंजिनात आम्ल तयार करून धातू खाऊ शकतात. टेफ्लॉनच्या बाटल्यांचीही अशीच हवा होती. अमेरिकेत स्लिक 50 हे टेफ्लॉनवालं ॲडिटिव्ह प्रचंड खपलं, तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरातीतल्या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचा आक्षेप घेतला, आणि 1997 मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीला तसे दावे थांबवणं मान्य करावं लागलं.

पाचवी पायरी: ऊन आणि धूळ यांचा बंदोबस्त

आपल्या भागात ॲडिटिव्ह विकणाऱ्याचा हुकमी मुद्दा असतो उन्हाचा. "भुसावळचं 45-46 डिग्रीचं ऊन आहे भाऊ, हे पातळ 0डब्ल्यू-20 ऑइल परदेशातलं, इथे टिकणार नाही. हे घट्ट करणारं टाका." ऐकायला पटतं. म्हणून नीट समजून घ्या.

इंजिन गरम झाल्यावर आतलं ऑइल साधारण 90 ते 110 अंशांवर असतं, आणि थर्मोस्टॅट, रेडिएटर, पंखा मिळून कूलंट एका मर्यादेत धरून ठेवतात. बाहेर 30 असो की 45, ही यंत्रणा ठीक असेल तर ऑइलच्या तापमानात फार मोठा फरक पडत नाही. ग्रेडमधला दुसरा आकडा, 20 किंवा 30, हा ऑइल 100 अंशांवर किती घट्ट राहतं त्यावर ठरतो. त्याशिवाय 150 अंशांवर, जोराच्या रगड्याखाली थर टिकतो का, याचीही किमान मर्यादा मानकात आहे. म्हणजे आपलं ऊन हिशेबात धरलेलं आहे. त्यातही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार दोन ग्रेड दिले असतील, तर त्यातला जास्त घट्ट ग्रेड उन्हाळ्यासाठी जरूर घ्या. तो कंपनीने दिलेला पर्याय आहे, मधासारखं काहीतरी ओतून घरी बनवलेला नव्हे.

घट्ट करणाऱ्या बाटलीचा तोटा हिवाळ्यात दिसतो. धुळे-जळगावला डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांखाली उतरतो. पहाटे गाडी चालू केली की ऑइल वर पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ वरचे भाग कोरडे घासतात. शिवाय आजच्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावरच पुढेमागे होतं. त्या वाटा अरुंद, त्यांच्या जाळ्या बारीक. काही इंजिनांत टायमिंगचा रबरी पट्टासुद्धा ऑइलमध्ये भिजून फिरतो. अनोळखी रसायन त्या रबराचं काय करेल याची हमी बाटलीवाला देत नाही.

उन्हाची खरी काळजी वाटत असेल तर रेडिएटर पाहा. गार इंजिनात कूलंटची टाकी खुणेपर्यंत भरलेली आहे का? कमी असेल तर मॅन्युअलमधलं कूलंटच घाला, बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर धरतो तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू आणि किडे रेडिएटरच्या जाळीत अडकतात, ते पाण्याच्या हलक्या धारेने काढून घ्या. जोराच्या प्रेशरने पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात.

आणि धूळ. माझ्या मते खान्देशातल्या इंजिनाचा पहिला शत्रू उन्हापेक्षा धूळ आहे. रावेर-यावलच्या केळीच्या शिवारातले रस्ते, कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरमागची वाट, कुठे ना कुठे चालूच असलेली रस्त्यांची कामं. धुळीतली वाळू इंजिनाच्या धातूपेक्षा कडक असते. एअर फिल्टर चुकवून ती आत गेली की ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरचं काम करते, आणि वाळू पचवणारं ॲडिटिव्ह जगात कुठेही मिळत नाही. त्यामुळे ज्या पैशात बाटली येते त्या पैशात नवा एअर फिल्टर घ्या. शेतरस्त्यावर रोज जाणं असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी झाकण उघडून पाहा. फिल्टर आपटून काळी धूळ पडत असेल, घड्या मळून बंद झाल्या असतील, तर बदला. बसवताना कडेचं रबर सगळीकडे नीट बसलंय याची खात्री करा. झाकणाची एक क्लिप निसटलेली असली तरी सगळी धूळ तिथून आत जाते.

मॅन्युअलमध्ये कठीण परिस्थितीसाठी वेगळा तक्ता असतो, तो शोधून वाचा. धुळीचे रस्ते, कडक ऊन, वारंवार छोटे फेरे, तासन्‌तास एसी लावून उभी गाडी. वाचताना वाटेल की कोणी आपल्याच तालुक्याबद्दल लिहिलंय. अशा वापरात ऑइल बदलायचं अंतर बरंच कमी केलेलं असतं. गाडी कमी चालली तरी महिन्यांची मुदत पाळा. इंजिनावर जादा खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. लवकर बदललेलं योग्य ऑइल हेच या हवेतलं खरं टॉनिक आहे. ऑइल घेताना सीलबंद कॅन तुमच्यासमोर उघडायला सांगा, बिल घ्या, आणि रिकाम्या कॅनचं लेबल फाडून टाका, म्हणजे त्यात भेसळ भरून कोणी विकणार नाही.

मग ॲडिटिव्ह कधी?

कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी लेखी सांगितलं असेल तेव्हा. सल्लागाराचं तोंडी बोलणं धरू नका, मॅन्युअल किंवा कंपनीच्या अधिकृत सूचनेत ते असायला हवं.

जुन्या जीपचं किंवा तसल्या इंजिनाचं बोअरिंग करून नवा कॅमशाफ्ट आणि सपाट टॅपेट बसवले असतील तेव्हा. त्या रचनेत कॅम टॅपेटवर थेट घासतो आणि आजच्या पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरस घटवलेला असल्याने सुरुवातीला झिंक-फॉस्फरस जास्त असलेलं ऑइल किंवा ॲडिटिव्ह लागू शकतं. हे इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रीला ठरवू द्या. शोरूममधून आलेल्या गाडीशी याचा संबंध नाही.

वॉरंटी संपून बरीच वर्षं झाली, गाडी लाखाच्या पुढे गेली, सीलमधून ऑइल पाझरतंय आणि मोठं काम काढायची तयारी नाही, तेव्हा. रबर थोडं फुगवणारं ॲडिटिव्ह काही महिने ढकलू शकतं. त्याआधी किती किलोमीटरला किती ऑइल घालावं लागतं ते वहीत लिहा, इंजिनात साचणारा वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि गॅस्केट तपासून घ्या. अनेकदा दुखणं तिथेच सापडतं आणि बाटली लागतच नाही.

दोन वस्तूंची गल्लत मात्र करू नका. इंजेक्टर साफ करणारं किंवा इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी म्हणून विकलं जाणारं ॲडिटिव्ह इंधनाच्या टाकीत जातं, ऑइलमध्ये नव्हे. त्याचाही निर्णय मॅन्युअल पाहूनच. आणि डीईएफ हे ॲडिटिव्ह नाहीच. ते 32.5 टक्के युरियाचं शुद्ध द्रावण आहे, काही बीएस-6 डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाच्या वेगळ्या टाकीत भरतात. गोदामातला शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून ते घरी बनवायचा प्रयत्न चुकूनही करू नका, त्यातल्या अशुद्धीने धुराची सगळी यंत्रणा चोंदून जाईल.

आधीच टाकून झालं असेल तर

घाबरू नका. एका बाटलीने इंजिन त्याच दिवशी बसत नाही. आधी डिपस्टिक पाहा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर गाडी फार न चालवता जास्तीचं ऑइल काढून घ्या. पातळी खुणांमध्ये असेल, दिवा लागत नसेल, आवाज बदलला नसेल, तर घाई नाही. पुढची सर्व्हिस मात्र थोडी अलीकडे ओढा, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि गरम इंजिनातून पूर्ण निथळू द्यायला सांगा. बाटलीचं बिल आणि लेबलचा फोटो जपून ठेवा. पुढे वॉरंटीचा प्रश्न आला तर नेमकं काय टाकलं होतं हे सांगता आलं पाहिजे.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तर त्याच आठवड्यात गाडी दाखवा. ऑइलच्या कॅनसारखा लाल दिवा चालताना लागला तर तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद करा. पाच मिनिटांनी पातळी पाहा आणि ती ठीक दिसली तरी गाडी पुन्हा चालू न करता टोइंग मागवा.